तीन तासांची मॅट्रिक

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये हे दोघे आणि बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक असे चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. ही नावं आपण अभिमानानं घेतो, आणि घ्यावीतच. पण आयुष्य माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे त्या परीक्षेची एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. ती परीक्षा शाळेची नव्हतीच. १८५४ च्या वुडच्या खलित्यात आपल्या विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना सांगितला होता. ते विद्यापीठ तेव्हा शिकवत नसे, फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. मुंबईनंही तेच उचललं. मुलाला कॉलेजात बसवता येईल का, इंग्रजीतलं व्याख्यान त्याला झेपेल का, एवढंच मॅट्रिक पाहत होती. हायस्कुलात इतकी वर्षं काढून त्याला काय करता येऊ लागलं, हे विचारणं तिचं कामच नव्हतं.

पुढे सरकारी कचेऱ्यांना, रेल्वेला, पोस्टाला, पेढ्यांना कारकून लागले आणि त्यांनी हीच प्रवेशपरीक्षा शिक्षणाचा पुरावा म्हणून धरली. ज्यांना कॉलेजची पायरी कधी चढायचीच नव्हती अशी हजारो मुलं कॉलेजच्या दारावरची परीक्षा देऊ लागली. बरीच वर्षं इतिहास-भूगोलाची उत्तरंसुद्धा इंग्रजीतून लिहावी लागत. शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक कधी आणि का झाला हे रायगडाजवळच्या खेड्यातल्या पोराला तोंडपाठ असेल, पण ते परक्या भाषेत मांडता आलं नाही तर त्याला इतिहास येत नाही असं ठरे.

मराठी शाळेची वाट वेगळी होती. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल असे. तिला सगळे नुसतं ‘फायनल’ म्हणत. माझे आजोबा फायनल पास होते आणि त्या जोरावर लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झाले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात जमिनीचे कागद वाचून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडेच येत. इंग्रजी त्यांना येत नसे, म्हणून तालुक्याच्या कचेरीत मात्र ते अर्धशिक्षित ठरत. एकाच माणसाची लायकी कागद बदलला की बदलायची.

परीक्षा लायकी कशी ताडते, याचा दाखला द्यायचा तर मी मुलांना महर्षी कर्व्यांची हकीकत सांगायची. १८७५ साल. धोंडो केशव कर्वे मुरूडचे, दापोली तालुक्यातले, वय सतरा. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती, कारण ती पास झालं की शाळामास्तर होता येई. परीक्षेसाठी मुंबई गाठायची किंवा सातारा. पावसाळी हवेत मुंबईला जाणारा समुद्रमार्ग बंद, म्हणून हा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला. पाठीवर सामान, वर पाऊस, वाटेत कुंभार्ली घाट. सुमारे ११० मैल चालून ही पोरं चार दिवसांत साताऱ्याला पोचली. तिथं परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी कर्व्यांकडे पाहिलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणाले, आणि त्यांना बसू दिलं नाही. वयाचा दाखला जवळ होता, तोही चालला नाही. गणिताचं एक उदाहरण कुणी घातलं नाही, पुस्तकातला एक उतारा वाचून घेतला नाही.

कर्व्यांनी पुढे ती परीक्षाही दिली आणि १८८१ मध्ये मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिकही. नंतर ते गणिताचे प्राध्यापक झाले. पण या माणसानं १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवलं, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवला, आणि आरोग्य व गृहव्यवस्था यांना अभ्यासक्रमात मानानं बसवलं. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकवर त्यांनी विसंबणं सोडलं आणि प्रवेशाची परीक्षा स्वतःची केली. सरकारी मान्यता नसताना हे करायला छाती लागते. त्या विद्यापीठाला कायद्याचा आधार मिळायला १९५१ उजाडलं. आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात या निर्णयाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक आकडा मी वर्गात फळ्यावर लिहायची : ७५० पैकी २८२. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांचे हे गुण. म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाहीत. त्या यशाबद्दल मुंबईत सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते, आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाला भेट दिलं. शाळेत पाण्याला हात लावू न दिलेल्या, परळच्या चाळीत एका खोलीत अभ्यास केलेल्या मुलाचे ते २८२ होते. गुणपत्रिकेला यातलं काही ठाऊक नव्हतं. केळूसकरांना होतं, कारण ते या मुलाला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेला पाहत होते. ज्यानं मूल रोज पाहिलं आहे त्याच्या शब्दाला निकालात किती जागा द्यायची, हा प्रश्न तिथपासून आजपर्यंत तसाच पडून आहे.

स्वातंत्र्यानंतर तो सोडवायची संधी आली होती. १९४८ च्या कायद्यानं मुंबई राज्यात शालान्त परीक्षेचं स्वतंत्र मंडळ झालं आणि १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. नाव बदललं, हेतूही बदलला. कॉलेजात घ्यायचं की नाही याऐवजी हायस्कुलाचं शिक्षण पुरं झालं, असं आता हा कागद सांगणार होता. माझे वडील १९४६ चे मॅट्रिक. वर्तमानपत्रात छापलेल्या नंबरांच्या दाट रकान्यांत दुसऱ्या खेपेला त्यांचा नंबर सापडला होता. ते एस.एस.सी.ला शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत राहिले, आणि परीक्षेचं रूप पाहता ते बरोबरच होतं. तोच मार्च, तोच हॉल, तेच तीन तास, आणि पेपर तपासणारा मुलाला कधीही न पाहिलेला. १ जानेवारी १९६६ ला आजचं राज्य मंडळ पुण्यात सुरू झालं. तोवर विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्या परीक्षा वेगवेगळ्या होत्या. त्या एका छत्राखाली आल्या, एवढं मोठं काम झालं. परीक्षेच्या स्वरूपाला मात्र कुणी हात लावला नाही.

मग १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये दोन एस.एस.सी. एकदम झाल्या. जुन्या अभ्यासक्रमाची अकरावीची शेवटची आणि नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पहिली. मी अकरावीला होते, धाकटा भाऊ दहावीला. आमच्या घरी एकाच कंदिलाभोवती दोन अभ्यासक्रम बसलेले असत. त्याच्या गणितात संच होते, छेदसंच होते. वडिलांना त्यातलं काही सांगता येईना, मग ते माझ्या अंकगणिताकडे वळत. परीक्षा झाली आणि एकाच नावाचं प्रमाणपत्र घरात दोनदा आलं, एकामागे अकरा वर्षांची शाळा आणि दुसऱ्यामागे दहा. वर्षभराचं शिक्षण कमी होऊनही त्या कागदाला काहीच फरक पडला नाही, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं होतं. पुढे शिक्षिका झाल्यावर कळलं की हा कागद शिक्षण मोजतच नाही, पेपर मोजतो.

पेपर मोजणं म्हणजे काय, ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पेपर तपासताना जवळून पाहिलं. कापडी पिशवीतून गठ्ठा येई. पुरवण्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेल्या, काहींची गाठ सुटत आलेली. शेजारी नमुना उत्तरपत्रिका, तिच्यात मुद्दे आणि मुद्द्यांचे गुण. एकदा विजेच्या प्रकरणावर प्रश्न होता : वितळतार का वापरतात? अपेक्षित मुद्दे ठरलेले. विद्युतधारा मर्यादेपेक्षा वाढणं, तार वितळणं, परिपथ खंडित होणं. एका मुलानं लिहिलं होतं की मोटार सुरू करताना लोड आला की किटकॅटमधली तार जळते, म्हणून मोटार वाचते, आणि माणसं जाड तार घालतात ती चूक आहे, त्यानं मोटार जळते. शब्द एकही पुस्तकातला नाही. पण जाड तारेचा धोका नमुना उत्तरातही नव्हता, आणि त्या मुलाला तो नीट माहीत होता. मी पूर्ण गुण दिले. मॉडरेटरनी विचारलं, मी मुद्दे एकेक करून दाखवले, त्यांनी मान्य केलं. ते समजूतदार होते. शेकडो गठ्ठ्यांच्या गर्दीत प्रत्येक मुलाच्या वाट्याला असा मॉडरेटर कसा येणार?

यावरचा उपाय कागदावर तरी सापडला होता. लेखी ८० आणि शाळेच्या हातातले २०, त्यात तोंडी, प्रात्यक्षिक, वही, प्रकल्प. कल्पना उत्तम होती. आम्ही शिक्षकांनीच ती वाया घालवली, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून वीसपैकी अठरा, एकोणीस असे आकडे वर्गाच्या यादीवर एका हातानं उतरवले जाऊ लागले. मुलगा तोंडातून एक वाक्य न बोलता तोंडी परीक्षा पास होई. परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा होता, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० ला निकाल ९५.३० टक्के. मुलं तीन वर्षांत एवढी बदलत नाहीत.

त्याच २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ ला तर सगळीच परीक्षा. नववीचे ५०, दहावीच्या वर्षातले ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे २० असा हिशेब करून १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के. एकशे साठ वर्षांत पहिल्यांदाच मुलाला शिकवणाऱ्या माणसानं त्याचा निकाल ठरवला. आणि लगेच त्या निकालावर कुणाचाच भरवसा उरला नाही. अकरावी प्रवेशासाठी सरकारनं २१ ऑगस्टला वेगळी सीईटी ठेवली, ती उच्च न्यायालयानं १० ऑगस्टला रद्द केली. मला त्या दिवसांत फार वाईट वाटलं. शिक्षकाच्या शब्दाला किंमत मिळण्याचा तो दिवस होता आणि त्या शब्दाची पत आम्ही आधीच घालवून बसलो होतो. खेळाला, इंटरमिजिएट चित्रकलेच्या ग्रेडला, लोककलेला सवलतीचे गुण मिळू लागले, याचं मी स्वागत केलं. पण ते वरून घातलेले गुण आहेत. वर्गात रोज काय उमगलं, याची कसोटी त्यानं भरून निघत नाही.

निवृत्तीनंतर मी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांना शिकवते. त्यातली एक अंगणवाडीत मदतनीस होती. तिला सेविका व्हायचं होतं आणि दहावी आडवी आली होती. बीजगणितात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. आलेखकागद पाहिला की ती पेन खाली ठेवायची. मी तिला अंगणवाडीतला वाढीचा तक्ता आणायला सांगितला. आडव्या रेषेवर बाळाचं वय महिन्यांत, उभ्या रेषेवर वजन किलोत, मध्ये हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. सेविकाबाई सुट्टीवर गेल्या की बाळाला वजनकाट्यात ठेवून ठिपका तीच मांडायची आणि आधीच्या ठिपक्याला जोडायची. त्या दिवसानंतर एक्स अक्ष आणि वाय अक्ष तिला शिकवावे लागले नाहीत.

ती पास झाली. तिचे वीस गुण मात्र संपर्क शाळेनं यादीतल्या इतरांसारखेच टाकले, तिला समोर बसवलंच नाही. ती खुर्ची माझी असती तर मी तोच तक्ता टेबलावर पसरला असता आणि विचारलं असतं : या बाळाची रेष दोन महिने आडवी का गेली? पुढच्या महिन्यात ठिपका कुठे यायला हवा? तो हिरव्यातून पिवळ्यात उतरला, तर त्याच्या आईला तू पहिल्यांदा काय विचारशील?