प्रस्तावना : रोजच्या जगण्यातला कायदा

कायदा म्हटले की काळा कोट आणि तारखांमागून तारखा आठवतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण इतके मनावर घेतले आहे की पायरी टाळता टाळता कायद्याचीही ओळख टाळत आलो. खरे तर बहुतेकांची कायद्याशी गाठ न्यायालयाच्या बाहेरच पडते. तलाठी कार्यालयात, दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी, सोसायटीच्या सभेत किंवा घरमालकाने पुढे केलेल्या करारावर सही करताना. या पुस्तकाचा विषय हा कायदा आहे. तो अवघड नाही; फक्त कोणी शेजारी बसून समजावून सांगितलेला नाही.

वाचकांनी सुरुवात आपल्या घरातल्या कागदापासून करावी, असे मी सुचवीन. गावाकडे जमीन असेल तर सातबारा घ्या. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे, याची नोंद असते. नमुना बारामध्ये पिकांची. खातेदाराच्या नावाजवळ एक लहानसा क्रमांक दिसेल. तो फेरफाराचा. त्या क्रमांकाचा फेरफार काढून वाचलात, तर जमीन त्या नावावर कशी आली हे उलगडते. वाटणीने, खरेदीने की वारसाने, ते तिथे लिहिलेले असते.

वडील वारल्यावर जमीन आपोआप नावावर होईल, असा समज आजही आहे. हक्क आपोआप येतो, नोंद येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मग फेरफार नोंदवहीत नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ही नोटीस शहरात राहणाऱ्या भावाला किंवा सासरी गेलेल्या बहिणीला मिळाली का, या एका प्रश्नावरून कितीतरी घरे पुढे भांडत बसतात. अशा वेळी एवढे लक्षात ठेवावे की सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते; पण सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. नाव लागले म्हणून मालकी पक्की होत नाही आणि नाव राहून गेले म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही.

मुलींच्या हक्काच्या बाबतीत महाराष्ट्राला थोडा अभिमान बाळगायला जागा आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती आपल्या राज्याने २२ जून १९९४ पासून लागू केली. त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली मात्र तिच्याबाहेर राहिल्या. ही उणीव केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने दूर झाली. आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. कायदा एवढा पुढे आला, तरी भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जातेच. तिने आपखुशीने हक्क सोडला तर प्रश्न नाही. पण मिळकत कोणती, आपला हिस्सा किती आणि नोंदणी झाल्यावर हे सहजासहजी मागे घेता येत नाही, एवढे तिला सहीआधी कळले पाहिजे. माझ्या मते या पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण हेच.

शहरातल्या वाचकांसाठी दुसरे उदाहरण पुरेसे आहे. अकरा महिन्यांचा करार स्टँप पेपरवर लिहून नोटरी केला की काम झाले, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

हे पुस्तक सलग वाचायची गरज नाही. ज्या गोष्टीची आज निकड आहे, ते प्रकरण आधी वाचा. वाचताना मुदतींवर पेन्सिलीने खूण करा, कारण चांगला दावाही मुदत उलटली की लंगडा पडतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला साधारणपणे दोन वर्षे असतात, महसुली अपिलाला त्याहून फारच कमी दिवस. नियम आणि शासन निर्णय बदलत राहतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सध्याची तरतूद तपासून घ्यावी. वकिलाची जागा पुस्तक घेऊ शकत नाही. पण वकिलापुढे बसल्यावर काय विचारायचे, हे त्यातून नक्की कळेल.

वकील परवडत नाही म्हणून थांबू मात्र नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा असतो, आणि दूरध्वनीवर विचारायचे असेल तर क्रमांक आहे १५१००.