अमेरिकेतून आणलेल्या फोनमध्ये आपलं सिम चालेल का?

मावसभावाने अमेरिकेहून येताना त्याचा जुना आयफोन १३ माझ्यासाठी आणला. पुण्यात सिम टाकलं, तर स्क्रीनवर 'सिम नॉट सपोर्टेड'! फोन तिथल्या एका कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला, म्हणून त्या नेटवर्कला लॉक होता. असं लॉक अधिकृतपणे तीच कंपनी काढते, तेही तिच्या अटी पूर्ण झाल्यावर. दुकानातल्या जुगाडावर पैसे घालवू नका. मी घालवले, दोन दिवसांत फोन पुन्हा लॉक झाला.

त्यामुळे फोन हातात घेण्याआधी सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडायला सांगा. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं हवं.

आयफोन १४ पासून (२०२२) अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. जिओ, एअरटेल, व्ही तिघेही ई-सिम देतात. पण फोन बंद पडला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येत नाही, आणि बँकेचे ओटीपी अडकतात. आई-बाबांसाठी घेताना याचा विचार कराच.

अँड्रॉइड असेल तर मॉडेल नंबरवरून बँड तपासा: आपल्याकडे ४जीसाठी ३, ५, ४० आणि ५जीसाठी एन७८ महत्त्वाचे.

माझा फोन? भावाने उरलेले हप्ते फेडून अनलॉकची रिक्वेस्ट टाकली, तेव्हा कुठे रेंज आली.