बंब

आगीवर पाणी मारतो तोही बंब आणि पोटात आग घेऊन पाणी तापवतो तोही बंबच! मूळ शब्द पोर्तुगीज ‘बाँबा’, म्हणजे पंप. अग्निशमनाच्या बंबाने अर्थ राखला. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाने नुसते नाव उचलले. पंपाचा त्याच्यात अंशही नाही. मधोमध नळकांडे, त्यात निखारे, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी. लहानशा मोरीच्या कोपऱ्यातही मावायचा. ‘बंबफोड’ हा झकास शब्दही त्याचाच: नळकांड्यात जाईल एवढे बारीक फोडलेले लाकूड. आमच्याकडे करवंट्या, शेंगांची टरफले, जुन्या वह्या, सगळे त्याच्याच पोटात. परवा माळ्यावरून काढला, चिंचेने घासला, आत बल्ब बसवला. पाहुणे अजून तोटी फिरवून बघतात.