मसाजची अब्रू वाचवणाऱ्या चौघी

पहिल्यांदा मसाजला जाताना ‘इथे सगळं सरळ आहे ना?’ अशी शंका येतेच. ती जुनीच आहे. १८९४, लंडन. ‘मसाज’च्या पाटीआड भलतेच धंदे चालतात, अशी ओरड ब्रिटिश मेडिकल जर्नलने केली. पंचाईत कुणाची? खरोखर मसाज शिकलेल्या नर्सची! मग चौघींनी सोसायटी काढली आणि नियम घातले: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मसाज नाही, पुरुषांना सरसकट नाही, जाहिरात फक्त वैद्यकीय नियतकालिकांत. वर परीक्षाही. जाच वाटतो, पण पोटापाण्याचा प्रश्न होता हो. १९२० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली. १९४४ मध्ये नावातला ‘मसाज’ गेला, ‘फिजिओथेरपी’ आली.