चार वजनांत चाळीस किलो : बेरीज-वजाबाकीचं जुनं गणित

आठवडी बाजारातल्या तराजूला १, २, ५ आणि १० किलो अशी एकेकच वजनं असली, तर १८ किलोपर्यंतचा माल तोलता येतो. पण नुसत्या बेरजेने ४, ९ आणि १४ किलो जमत नाहीत. मग वजाबाकी कामाला येते. ५ किलोचं वजन एका पारड्यात आणि १ किलोचं मालाच्या पारड्यात ठेवलं की माल ४ किलो भरतो. असं तोलताना मालाबाजूचं वजन हिशेबातून वजा झालं का, हे गिऱ्हाईकाने पाहायलाच हवं. नाहीतर ५ किलोचे पैसे देऊन ४ किलोच घरी येतील.

कमीत कमी वजनं किती?

वजनं एकाच पारड्यात ठेवायची असतील, तर दुपटीची रांग सोयीची : १, २, ४, ८, १६, ३२. या सहा वजनांत १ ते ६३ किलो तोलता येतात. दोन्ही पारडी वापरली तर तिपटीची रांग सरस ठरते. १, ३, ९, २७ या चारच वजनांत १ ते ४० किलोपर्यंतचं प्रत्येक पूर्ण वजन निघतं. उदाहरणार्थ, ५ = ९ − ३ − १ आणि २० = २७ − ९ + ३ − १.

चाळीसच का? प्रत्येक वजनाला तीन जागा : डावं पारडं, उजवं पारडं किंवा बाहेर. म्हणजे एकूण ८१ मांडण्या. सगळी वजनं बाहेर ही एक मांडणी सोडली तर ८० उरतात आणि त्यांतली निम्मी म्हणजे फक्त पारड्यांची अदलाबदल. म्हणून चार वजनांत चाळीसपेक्षा जास्त मापं बसतच नाहीत.

मांडणी कशी काढायची?

संख्येला ३ ने भागत जायचं. बाकी १ उरली तर ते वजन बेरजेत, ० उरली तर बाहेर. २ उरली तर ते वजन वजा करून भागाकारात १ मिळवायचा. २३ साठी : बाकी २, म्हणून −१ आणि पुढे ८, पुन्हा बाकी २, म्हणून −३ आणि पुढे ३, बाकी ०, म्हणजे ९ बाहेर, शेवटी १, म्हणजे +२७. उत्तर : २७ − ३ − १.

इतिहास

हे कोडं फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथात आणि फ्रान्सच्या बाशेच्या १६१२ च्या पुस्तकात आहे. मॉस्को विद्यापीठात १९५८ साली तयार झालेला ‘सेतून’ संगणक याच +१, ०, −१ पद्धतीवर चालायचा.

छंदातून आलेली रांग

१, २, ३, ५, ८, १३ या रांगेत प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज. लघु-गुरूंनी मात्रा किती प्रकारे भरतात, हे मोजताना विरहांक आणि बाराव्या शतकात गुजरातचे हेमचंद्र यांनी ती मांडली. शेजारच्या दोन संख्या एकत्र घ्यायच्या नाहीत, एवढी अट पाळली की कुठलीही पूर्ण संख्या या रांगेतून एकाच प्रकारे लिहिता येते : २० = १३ + ५ + २. रीतही सोपी. बसेल ती सर्वांत मोठी संख्या आधी काढायची, मग उरलेल्यासाठी पुन्हा तेच.