शिवणयंत्र कुणी शोधलं, एवढंच विचारून भागेल?

या प्रश्नाचं आपण पाठ केलेलं उत्तर म्हणजे एलियास होवे, १८४६. त्याचं अमेरिकन पेटंट खरंच त्या सालचं आहे. टोकाजवळ छिद्र असलेली सुई, खालून दुसरा दोरा नेणारा धोटा आणि कापडात दोन्ही दोरे एकमेकांत अडकवणारा टाका, ही त्यातली युक्ती.

पण पेटंट मिळालं म्हणून मशीन घरात येत नाही. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने स्वतःचं पेटंट घेतलं आणि कोर्टकज्जे पेटले. १८५६ मध्ये होवे आणि तीन कंपन्यांनी पेटंटं एकत्र केली, तेव्हा कुठे भांडण मिटलं. तरी किंमत शंभर डॉलरच्या आसपास! सामान्य घराला कसं परवडणार? त्याच सुमारास सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने हप्त्यांवर विक्री सुरू केली. मशीन घरात आलं, सोबत हप्ताही आला. तो फेडायला कित्येक बायकांनी बाहेरची शिलाई घेतली.

इकडे भारतात, यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं, कारण ते माणसाचे कष्ट हलके करतं. हप्त्याच्या बाजूने बघितलं तर तेच मशीन कष्ट वाढवतंही!

म्हणून विषय निवडताना प्रश्न बदलून बघा. ‘कुणी शोधलं?’ याला पेटंटची फाइल पुरते. ‘घरात कसं आलं, कुणी चालवलं?’ असं विचारलं की विक्रीचे हिशेब, जाहिराती, घरखर्चाच्या वह्या धुंडाळाव्या लागतात. खरं संशोधन तिथून सुरू होतं.