अठरा धान्यांचं वावर

“मीठ, गूळ अन् कापड सोडलं त बजारातून काही आनाले लागे नाही,” असं आजा सांगायचा. धामणगाव बढेच्या आमच्या वावरात तेव्हा देशी पऱ्हाटीच्या तासांमध्ये तुरीचं तास असे. ज्वारीत मूग-उडीद, काठाला अंबाडी, धुऱ्यावर तीळ. मूग पोळ्याच्या आगेमागे घरी येई, मग ज्वारी, कापूस, शेवटी तूर. एक पीक बुडालं तरी दुसरं घर सांभाळी. मुगाची बेवड जमिनीला चांगली, हे त्याला ठाऊक होतं. मुगाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात, हे कारण मी पुढे शाळेत शिकलो. बियाणं आजीच्या ताब्यात. निवडलेलं बी राखेत घोळून ती मडक्यात भरून ठेवी.

ते दिवस सुखाचेच होते, असं मात्र आजा म्हणत नसे. १९७२च्या दुष्काळात त्यानं रस्त्यावर खडी फोडली, घरानं मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. जास्त पिकवणारं बियाणं हवंच होतं. दुष्काळाआधीच, १९६४मध्ये, संकरित ज्वारीचा पहिला वाण आला होता, १९७०मध्ये संकरित कापूस. कणगी भरली, पण नव्या ज्वारीचं ताट बुटकं. कडबा घटला. “कडबा गेला, ढोरं गेली, ढोरं गेली, खात गेलं,” एवढ्यात आजा सगळा इतिहास सांगून टाकी. शेणखताची जागा युरियाच्या पोत्यानं घेतली. पुढे सोयाबीन आलं, २००२मध्ये बीटी कापूस आला, आणि आजीच्या मडक्याचं काम संपलं. संकरित बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. २०१७मध्ये त्याच बीटीला गुलाबी बोंडअळीनं पोखरलं, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले.

आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय तृतीयेला घट मांडतात. घटाभोवती अठरा धान्यं ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. भाकीत खरं की खोटं, हा वाद वेगळा. मला त्या रिंगणातली अंबाडी, भादली, जवस, करडी दिसते. घटाभोवती ती अजून आहेत, आपल्या वावरात मात्र सोयाबीन, कापूस आणि मका.

आजाची शेती जशीच्या तशी परत आणता येणार नाही. घरं विभागली, मजुरी वाढली, देशी कापसाच्या आखूड धाग्याला गिऱ्हाईक कमी. पण तिच्यातली समज आजही चालते. यवतमाळचे सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीत तोटा सोसल्यावर ती सोडली. गाय, झाडं, पक्षी आणि वावरात मुरवलेलं पाणी यांच्या बळावर त्यांनी शेती उभी केली. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी २०१८मध्ये सुरू झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनमध्ये बुलडाणाही आहे.

छोट्या शेतकऱ्याला कर्जात ढकलतो तो मुख्यतः विकतचा खर्च. सगळं वावर एका हंगामात बदलू नका, त्यात जोखीम आहे. एकच एकर घ्या. त्यात तूर, मूग, ज्वारी, तीळ सोबत पेरा, घरचं खत टाका, बी राखून ठेवा आणि खर्चाचा हिशोब लिहा. घरात म्हातारं माणूस असेल तर पेरणीआधी त्याच्याजवळ बसा. कोणत्या पिकामागे कोणतं पीक घ्यायचं, हे आपल्या मातीपुरतं त्यालाच नेमकं ठाऊक आहे.